सड्यावरचा ससा: पळण्याच्या अंतराची नोंद

चवथ (गणेश चतुर्थी) उलटेपर्यंत सड्यावरचं, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावरचं, गवत इतकं वाढलेलं असतं की ससा समोर असूनही दिसत नाही. म्हणून मोजणीचं काम गवत वाळल्यावर, डिसेंबरपासून धरलं आहे.

गोव्यात रानात दिसतो तो काळ्या मानेचा ससा, लेपस नायग्रिकॉलिस. मानेमागे काळा पट्टा, शेपूट वरून काळी. पाळीव सशांबद्दल वाचलेलं इथे बाजूला ठेवा: हा बीळ खोदत नाही, कळपानं राहत नाही. दिवसा करवंदीच्या जाळीखाली किंवा गवताच्या झुबक्यात अंगापुरती उथळ खळगी करून बसतो, चरायला रात्री निघतो.

मोजायचं काय? माणूस किती जवळ आला की तो उठतो, ते अंतर. खिशात रंगवलेले चार खडे ठेवा (चिऱ्याचे, म्हणजे जांभ्याचे, साधे तुकडे सड्यावर हरवतात). पहिला खडा चालायला सुरुवात केली तिथे, दुसरा सशानं मान वर करून कान ताठ केले तेव्हा, तिसरा तो पळाला तेव्हा आपण होतो तिथे आणि चौथा त्याच्या मूळ जागी. मग टेपनं तिन्ही अंतरं मोजा. चाल एकसारखी, मध्ये थबकायचं नाही. पहिला खडा पुष्कळजण गाळतात आणि तिथेच नोंद वाया जाते. लांबून चालत आलेल्या माणसापासून प्राणी सहसा लवकर पळतो, त्यामुळे सुरुवातीचं अंतर नसेल तर दोन नोंदींची तुलनाच होत नाही. सरळ अंगावर जाणं आणि बाजूनं जाणं यांचे रकाने वेगळे. सोबत कुत्रा असेल तर ती नोंद निराळ्याच पानावर.

दिवसाची आणि रात्रीची अंतरं एकत्र करून सरासरी काढू नका. दिवसा खळगीत बसलेला ससा कान पाठीला चिकटवून दबून राहतो आणि चार-पाच पावलांवर आल्यावर एकदम उसळतो. तो माणसाला सरावलेला नसतो, आपण दिसलो नाही या भरवशावर बसलेला असतो. उघड्यावर चरणाऱ्याला ती आडोशाची सोय नाही, तो लांबूनच सटकतो. ‘इथले ससे माणसाळलेत’ असं लिहिण्याआधी ही नोंद कुठल्या वेळेची, ते बघा. एकाच सशाला एका संध्याकाळी दुसऱ्यांदा उठवू नये. आकडाही बिघडतो, जनावरही दमतं.

रात्रीच्या नोंदीसाठी सशाच्या वाटेवर आपोआप फोटो काढणारा कॅमेरा लावायचा: जमिनीपासून 30 सेंटिमीटरवर, वाटेपासून 3 ते 4 मीटर, वाटेला तिरका आणि तोंड उत्तरेला. त्याचा रात्रीचा दिवा अवरक्त (इन्फ्रारेड) असतो: 850 नॅनोमीटरचा मंद लाल दिसतो, 940 चा दिसत नाही. माणसांपासून लपवायचा असेल तर दुसरा घ्या, पण उजेड कमी पोचतो. उष्णतेवर चालणारा सेन्सर मार्चनंतर दगा देतो: दिवसभर तापलेला चिरा रात्री उशिरापर्यंत ऊब सोडतो, सशाच्या अंगातला आणि जमिनीतला फरक कमी होतो आणि कॅमेरा जागाच होत नाही. तेव्हा संध्याकाळचे रिकामे तास ‘ससा नाही’ म्हणून धरू नका. समोरचं गवत कापलं नाही तर ते वाऱ्यानं हलून रिकाम्या फोटोंनी कार्ड भरतं. आत सिलिका जेलची पुडी हवीच. कोमुनिदादची (गावाच्या सामाईक मालकीची) जमीन असो वा अभयारण्य, परवानगी आधी घ्या.

एकटं पिल्लू सापडलं तर हात लावू नका. या सशाची पिल्लं जन्मतःच केसाळ आणि डोळे उघडी असतात. आई दिवसभर लांब राहते आणि अंधार पडल्यावर थोडा वेळच पाजायला येते. घरी नेऊन गाईचं दूध पाजणं म्हणजे बहुतेकदा त्याचा शेवटच.

मार्च ते मे काजू वेचायला माणसं सकाळी लवकर बागायतीत शिरतात. त्या दिवसांत त्याच वाटांवरच्या फोटोंच्या वेळा सरकतात का, हे पुढच्या टप्प्यात तपासायचं आहे.