आमची वाटचाल : घरच्या गॅरेजपासून वायरिंगच्या शॉपपर्यंत

नमस्कार मंडळी, बरेच जण विचारतात की तुम्ही सांगलीचे, अमेरिकेत विमानांच्या वायरिंगमधे कसे काय शिरलात, तर एकदा लिहूनच टाकतो.

आम्ही मिलवॉकीजवळ राहतो. घरी विमान बनवणाऱ्यांची ईएए ही संघटना १९५३ मधे इथेच सुरू झाली आणि जुलैत त्यांचा मेळा ऑशकॉशला भरतो, गाडीने दीड तास. २००८ ला नुसतं बघायला गेलो, तर गवतावर रांगेने उभी असलेली लोकांनी स्वतः बनवलेली विमानं आणि प्रत्येक पंखाखाली खुर्ची टाकून बसलेला त्याचा मालक, काहीही विचारा, तो तासभर सांगणार. परत येताना बायको म्हणाली, तुझ्या डोक्यात काय चाललंय ते कळतंय मला, कर, पण मीही हाताखाली असणार.

२००९ मधे व्हॅन्स या किट बनवणाऱ्या कंपनीच्या आरव्ही-९ए या दोन सीटच्या विमानाचं शेपटीचं किट आणलं. इथे निम्म्याहून जास्त काम हौशी माणसांनी शिकण्यासाठी किंवा छंद म्हणून केलेलं असेल तरच असं विमान हौशी बांधणीचं म्हणून मंजूर होतं, ५१ टक्क्यांचा नियम म्हणतात त्याला. मग रोज रात्री जेवणं झाली की दोघं गॅरेजमधे. बायको रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारे धातूचे खिळे, गनने ठोकायची, मी मागून बकिंग बार, म्हणजे लोखंडी ठोकळा, दाबून धरायचो, आणि एखादा रिव्हेट वाकडा बसला की ड्रिलने काढून परत.

सगळ्यात जास्त दमवलं पेट्रोलच्या टाक्यांनी. या विमानात टाकी म्हणजे पंखाचाच पुढचा भाग, तो जोडताना सांध्यांमधे प्रोसील नावाचा काळा चिकट लगदा भरावा लागतो, कपड्याला लागला की गेला तो कपडा. नंतर सगळी तोंडं बंद करून एका नळीवर फुगा चढवायचा आणि हवा भरून ठेवायची, फुगा बसला की टाकी गळते. तेव्हा आई आलेली होती. ती सकाळी चहाच्या आधी जाऊन फुगा बघून यायची, रात्री थंडीने तो आक्रसायचा आणि दुपारी परत फुगायचा, ते बघून तिला फार मजा वाटायची. एक दिवस तो दुपारीही वर आला नाही. साबणाचं पाणी लावत गेलो तर एका रिव्हेटपाशी बारीक बुडबुडे, आईनेच आधी बघितले.

२०१४ च्या जूनमधे पहिलं उड्डाण. टेस्टिंगचे पहिले ४० तास पॅसेंजर न्यायचा नव्हता त्यामुळे एकटाच. थ्रॉटल पुढे केला, चाकं सुटली तशी खालची खडखड एकदम बंद झाली आणि विमान चालवायची स्टिक दोन बोटांत इतकी हलकी लागली की मी मोठ्याने बायकोला हाक मारली, ती खाली हँगरपाशी उभी. डाव्या पंखाकडे बघितलं तर रिव्हेटची रांग उन्हात चमकत होती, त्यातला कुठला आम्ही दोनदा मारलाय तेही मला दिसत होतं. नोकरीत इतकी वर्षं सर्किटं काढली पण असा आनंद कधी झाला नव्हता, खरंच सांगतो.

धंदा त्यातूनच आला. शेजारच्या हँगरमधले एक आजोबा वायरिंगला दोन वर्षं अडले होते, त्यांचा हार्नेस, म्हणजे विमानातल्या वायरींचा बांधलेला जुडगा, मी किचन टेबलवर करून दिला. वडिलांचं, अण्णांचं, सांगलीत मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं, ते प्रत्येक वायरीला चिठ्ठी बांधायचे, तीच सवय मला, त्यामुळे आमच्या हार्नेसमधे प्रत्येक वायरीवर दोन्ही टोकांना नाव असतं. २०१६ मधे नोकरी सोडली. त्याच वर्षी कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत गच्चीवर बनवलेलं विमान मुंबईत मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात आलं, तो फोटो अजून शॉपमधे लावलेला आहे. सुरुवातीच्या एका ऑर्डरमधे माझे क्रिंप, म्हणजे वायरीच्या टोकाला दाबून बसवलेले जोड, सैल निघाले, सगळा हार्नेस परत मागवून फुकट नवीन दिला, आता प्रत्येक क्रिंप ओढून बघितल्याशिवाय बॉक्स बंद होत नाही. आज आम्ही चौघं आहोत. पूर्ण विमानच बनवून द्या म्हणणारेही येतात, त्यांना नाही म्हणतो, नियमात बसत नाही आणि त्यांचा सगळा आनंदच आम्ही घेतल्यासारखं होईल. शॉपवर या, शिकवतो, मात्र हात तुमचे.

२०१७ ला आई परत आली तेव्हा तिला शेजारी बसवून विनेबागो तलावावरून नेलं. समोर पॅसेंजरसाठी वॉर्निंगची पाटी असते, हे हौशी माणसाने बनवलेलं विमान आहे अशी, ती तिला वाचून दाखवली. तिचं लक्ष मात्र बाहेर, पंखावरच्या टाकीच्या झाकणाकडे. बराच वेळ बघून म्हणाली, "तो बुडबुड्यांवाला रिव्हेट याच बाजूचा ना रे?"