हाकेला ओ

माझं काम आवाज पकडायचं. माहितीपटांसाठी ध्वनिमुद्रण करतो. एका डिसेंबरात त्यासाठीच नागालँडमधल्या किसामाला गेलो होतो. कोहिमापासून १२ किलोमीटरवर, किग्वेमा आणि फेसामा या दोन गावांच्या मधल्या उतारावर हे वारसा-गाव वसवलंय. तिथे दरवर्षी १ ते १० डिसेंबर हॉर्नबिल महोत्सव भरतो; हा महोत्सव सुरू झाला २००० साली. प्रत्येक नागा जमातीचं आपलं मोरुंग तिथे उभं आहे. मोरुंग म्हणजे गावातले तरुण पोरगे एकत्र राहायचे, लढायला, गायला, कोरीवकामाला शिकायचे, ते घर.

आम्हाला हवं होतं कोन्याकांचं युद्धनृत्य. कोन्याक ही त्यातलीच एक जमात, म्यानमारला लागून असलेल्या मोन जिल्ह्यातली. ठासणीच्या बंदुका घडवण्यात त्यांचा हातखंडा. हे मला ठाऊक होतं, तरी माईक लावताना ते माझ्या डोक्यात आलं नाही.

माझे कान पुण्याच्या ढोल-ताशावर वाढलेले. वाद्य पुढे आणि नाच त्याच्या मागून, हे मनात इतकं पक्कं की मी सगळा रोख लाकडी ढोलावर ठेवला. एका अखंड खोडातून कोरलेला, होडीएवढा लांब ढोल. पण नाच सुरू झाला तो ढोलाशिवाय. दाओ, म्हणजे रुंद पात्याचे कोयते, आणि भाले घेतलेली रांग पावलं आपटत आत आली. ठेका पायांचा, आणि वर गळ्यातून निघणारा एक खोल घुमारा. तो इतका हळू, की मी गेन, म्हणजे माईकची आवाज टिपण्याची पातळी, वाढवत गेलो. आणि ऐन त्या क्षणी सहा-सात बंदुकांचा बार उडाला.

हेडफोन कानावरून ओढून काढले तोवर उशीर झाला होता. मीटर लाल, कानात शिट्टी, आणि मुद्रणात त्या जागी नुसता फाटका आवाज. दिवसातला एकच खेळ उरला होता, दुपारचा.

मी त्यांच्या मोरुंगात गेलो. आत चुलीचा धूर, काळवंडलेले वासे. कुणीतरी हातात लाल चहाचा कप दिला. कोपऱ्यात एक आजोबा शिरस्त्राण नीट करत बसले होते. चेहऱ्यावर गोंदण, गळ्यात पितळी मुंडक्यांची माळ. शत्रूचं शिर घेऊन परतणाऱ्या वीरांशी या नाचाचं नातं होतं. ती प्रथा बंद होऊन काही दशकं लोटली, आज बहुतेक कोन्याक बाप्टिस्ट ख्रिस्ती आहेत. तरी त्या माळेकडे बघताना माझी नजर खाली गेली.

शिरस्त्राण वेताचं विणलेलं, त्यावर रानडुकराचे सुळे, लाल रंगवलेले बकऱ्याचे केस, आणि वर धनेशाची, म्हणजे हॉर्नबिलची, पिसं. पांढरं पीस, त्यावर एकच काळा पट्टा. जवळून पाहिलं तर पीस खरं नव्हतं, कापून रंगवलेलं होतं. मला ते फार आवडलं. मोठ्या धनेशाची शिकार कायद्याने बंद आहे. आपल्या कोकणातही हा पक्षी आहे, आंब्या-वडांच्या राईत त्याच्या पंखांची घरघर मी ऐकलीय. त्याच्यासाठी शिरस्त्राणातलं पीस बदलायला कुणी तयार होतं, याचं मला मोल वाटलं.

त्यांना हेडफोन दिले आणि सकाळचं ऐकवलं. शेजारी त्यांचा नातू बसला होता, तो हिंदीत सांगत गेला. आजोबांनी डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली. ‘तू हाक मारणाऱ्याजवळ उभा होतास. ओ देणारे मागे असतात. त्यांच्यात ये.’ मग तीन बोटं वर केली. तिसऱ्यांदा ओ आली की बार निघणार.

सकाळपासून मी ज्याला आरोळी म्हणत होतो तो सवाल-जवाब होता. एकाने उचलायचं, रांगेने झेलायचं, पावलांनी पक्कं करायचं. रांगेतला कोणी एकटा नाही, हे त्या नाचात ऐकू यायला हवं होतं. मी मात्र एका माणसाचा गळा टिपून आलो होतो.

दुपारी मी रांगेच्या मागे, धुळीत गुडघे टेकून बसलो. बूम, म्हणजे लांब दांडीवरचा माईक, खाली, जवळजवळ पायांना लागून. अंगठा गेनच्या खटक्यावर. पहिली हाक, पहिली ओ. छातीत घुमावी अशी. दुसरी. तिसरी ओ संपत आली तसा मी गेन खाली आणला. बार झाला, समोरच्या डोंगरावरून तो परत आला, आणि बंदुकीच्या दारूचा वास पसरला. मी गेन पुन्हा चढवला. धुरातून आजोबांचा एकट्याचा आवाज उठला, किंचित थरथरता, आणि चाळीस गळ्यांनी तो उचलून धरला.

तिकडे डिसेंबरात चार वाजून गेले की सूर्य मावळतो. मोरुंगात परतलो तेव्हा चुलीचाच उजेड होता. आजोबांनी स्वतःच हेडफोन मागून घेतले. त्यांची हाक आली तेव्हा त्यांचे ओठ हलले. मग ओ यायची तिथे त्यांनी मोठ्यांदा, हेडफोन कानावर तसेच ठेवून, ओ दिली.

बाहेर लाकडं फोडणाऱ्या पोरांनी कुऱ्हाड न थांबवता त्यांना ओ दिली.