तीन भेंड्या, एक दोडकं

दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं. भोपळ्याचं पहाटे उमलून दुपारपर्यंत मान टाकतं, पडवळाचं पांढरं, झालरीचं फूल रात्री उघडतं. दोडकं मात्र बरोबर आमच्या स्वयंपाकाच्या वेळेला पिवळं होतं. मांडवावर पाच-सहा पिवळे ठिपके दिसले की घड्याळाकडे बघायचं कारण नाही. रोवळी उचलायची आणि मागीलदारी जायचं.

आईचे गुडघे कुरकुरायला लागल्यापासून रात्रीचा स्वयंपाक माझ्याकडे आला. सकाळचं सगळं उरकून, डबे भरून बायको शाळेत जाते. रात्रीचं कोण, हा प्रश्न होता, आणि घरात असून नसल्यासारखा बसणारा माणूस मीच होतो. येत काहीच नव्हतं असं नाही. वरण-भात, पिठलं आणि अंड्याची पोळी एवढं भांडवल होतं. उरलेलं आईनं मागच्या पायरीवर बसून शिकवलं. ती पायरी तिची. तिथून मांडवही दिसतो आणि चुलीवरचं पातेलंही, म्हणजे आता गॅसवरचं.

"काय मिळालं?" ती विचारते.

"तीन भेंड्या. एक दोडकं. चवळीच्या शेंगा असतील दहा-बारा."

"मग झालं की!"

हे 'झालं की' मला समजायला दोन पावसाळे गेले. बाजारातली भाजी पाव किलोत येते, नाहीतर जुडीत. आपल्या डोक्यातल्या सगळ्या भाज्यांचं मापही तेच असतं. परसातली भाजी मुठीत येते. पहिल्या वर्षी मी काय केलं, तीन भेंड्या फ्रिजमध्ये ठेवल्या. परवा आणखी तीन मिळतील, तेरवा तीन, मग चार माणसांपुरती भाजी होईल असा सरळ हिशेब. आठवडाभरानं पिशवी उघडली तर पहिल्या तिघींच्या अंगावर काळे डाग आणि हाताला चिकट. झाडावर ठेवून बघावं तर ते आणखी वाईट. भेंडी दोन दिवस नजरेआड झाली की निबर होते. मग सुरी चालत नाही, आणि चाललीच तर दात चालत नाहीत.

आईची रीत अशी की आजची मूठ आज संपवायची. मुगाची डाळ मूठभर भिजत घालायची. मुठीची भाजी चौघांना पुरवणारी खरी हीच. कढईत तेल, मोहरी, हिंग, हळद, एक मिरची मोडून. चवळीच्या शेंगा आधी, कारण त्यांना वेळ लागतो. त्या अर्ध्या शिजल्या की डाळ, मग दोडक्याच्या फोडी. दोडकं स्वतःचं पाणी सोडतं, म्हणून वरून पाणी ओतायची घाई नाही. भेंडी बाजूला तव्यावर कोरडी परतून अगदी शेवटी, आणि तिच्यापाठोपाठ दोन आमसुलं, म्हणजे तार सुटत नाही. वर ओलं खोबरं. या भाजीला नाव नाही. एकदा पाहुण्यांनी विचारलं, तर आई म्हणाली, "आजची भाजी."

आणि त्या एका दोडक्याच्या शिरा? त्या टाकायच्या नाहीत. बारीक चिरून, थेंबभर तेलावर कुरकुरीत होईपर्यंत भाजायच्या, त्यात तीळ, सुकं खोबरं, तिखट, मीठ. मऊ भाताबरोबर ही चटणी असली की भाजी कमी पडली हे कुणाच्या लक्षातही येत नाही. एका दोडक्याचे दोन पदार्थ झाले याचा आनंद मला अजूनही जरा जास्तच होतो. बायको त्यावरून चिडवते.

आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात, डोंगराच्या कुशीत. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस ओततो आणि एप्रिलात विहीर तळाला जाते, असा इथला न्याय. जांभ्यात पाणी थांबत नाही. त्यामुळे परसबाग खरी पावसाचीच. मृग लागला, म्हणजे सात-आठ जून झाला, की आळी करायची, शेण-माती सारखी करायची, बिया टोचायच्या. बियांचे दोन पक्ष आहेत. एक माझा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची वाणं मी आणतो: दोडक्याचं 'कोकण हरिता', कारल्याचं 'कोकण तारा', पडवळाचं 'कोकण श्वेता'. दुसरा पक्ष आईचा. तो राखेत घोळवून, डब्यात घालून फडताळात वरच्या कप्प्यात असतो. माझ्या वेलाला ती 'विद्यापीठाचं' म्हणते आणि स्वतःच्या वेलाला 'आपलं'. दोन्ही वेल एकाच मांडवावर चढतात आणि श्रावणापर्यंत कुठली फांदी कुणाची हे सांगता येत नाही. तरी कडू निघालेलं दोडकं हमखास विद्यापीठाचं ठरतं.

पेरणी आणि पहिली भाजी यांच्यामधला महिना-दीड महिना मोठा कठीण. पाऊस कोसळतोय, मांडव रिकामा, बाजारात जावंसं वाटत नाही. तेव्हा जेवणं चालतात ती फुकटात उगवलेल्या टाकळ्यावर आणि उन्हाळ्यात राखून ठेवलेल्या आठळ्यांवर. मे महिन्यात फणस खाताना आठळ्या लाल मातीत घोळवून कोपऱ्यात ढीग करून ठेवायच्या. पावसात त्या धुऊन, उकडून, ठेचून लाल माठाच्या देठांत घालायच्या. बटाट्यानं आमच्या स्वयंपाकघरात एवढं बस्तान बसवलं, पण आठळीसारखी पिठूळ, किंचित गोड चव त्याला नाही. हे माझं मत आहे आणि त्यावर मी वाद घालायला तयार आहे.

याच दिवसांत अळू माजतं. अळवाच्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते घशाला टोचतात. आंबट घातलं आणि नीट शिजवलं की खाज मरते. मला हे सगळं वाचून माहीत होतं. माहीत असूनही एका रात्री मी आमसूल घालायला विसरलो. शेंगदाणे होते, चण्याची डाळ होती, गुळाचा खडा होता, रंग सुरेख आला होता. पहिल्या घासाला कुणी बोललं नाही. दुसऱ्या घासाला मुलगा पाणी प्यायला. मग घरातली चारही माणसं एकमेकांकडे बघत घसा खाकरायला लागली. आईनं उठून बरणीतली आमसुलं काढली, प्रत्येकाच्या हातावर एकेक ठेवलं, "चोखा" म्हणाली, आणि फतफतं पुन्हा गॅसवर चढवलं. त्या दिवसापासून आमसुलाची बरणी मिठाच्या शेजारी असते.

श्रावणात घरात बरं चाललेलं असतं. गोकुळाष्टमीला शेवग्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी, आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं. ही तळकोकणातली रीत, बायको मालवणकडची म्हणून आमच्याकडे आली आणि रुजली. पाला खुडून ठेवला तर रात्रभरात आपोआप देठापासून सुटतो, ही तिचीच युक्ती. नाहीतर एकेक पान वेचण्यात अष्टमीची नवमी व्हायची.

मग येतो भाद्रपद. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी, आणि मला वाटतं परसबागेचा खरा सण तोच. बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी खायचं नाही. म्हणजे नांगरलेल्या शेतातलं धान्य बाद. उरलं काय? जिथं बैल कधी पोचतच नाही ते मागीलदार. अळू, लाल माठाचे देठ, भोपळा, पडवळ, दोडकं, भेंडी, मक्याचं कणीस, सुरणाचा तुकडा, आंबाडा, सगळं एका पातेल्यात. फोडणी नाही, मसाला नाही. मीठ, मिरची, आंबट, ओलं खोबरं. वर्षभर मुठीमुठीनं जे आम्ही रात्री शिजवतो तेच त्या दिवशी पातेलंभर आणि मानानं. आईला यात काही विशेष वाटत नाही. "रोजचीच की," म्हणते.

पण भाद्रपदाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्या महिन्यात मांडव वेडा होतो. मूठ गेली, टोपल्या सुरू. आज आठ दोडकी, उद्या अकरा. पडवळ सरळ वाढावं म्हणून टोकाला दगड बांधतो, त्यातलं एक पानाआड राहून गेलं आणि सापडलं तेव्हा माझ्या छातीपर्यंत लांब आणि पोकळ वाजणारं. सोमवारी दोडक्याची डाळ घालून भाजी, मंगळवारी दाण्याचं कूट घालून, बुधवारी भजी, गुरुवारी मुलानं विचारलं, "बाबा, दोडकं कधी संपतं?" गौरी-गणपती गेले की दोडक्यात सोडे पडतात आणि तेच दोडकं पहिल्या दिवसासारखं खाल्लं जातं, पण तोवर दम धरावा लागतो.

वाटावं म्हटलं तर घेणार कोण? सगळ्यांचे मांडव एकाच पावसावर चढलेले. मी पिशवी घेऊन शेजारच्या काकींकडे गेलो, तर त्यांनी दारातूनच माझ्या हातातली पिशवी बघितली आणि आत वळून एक पिशवी आणली. "बरं झालं आलात," म्हणाल्या. गेलो होतो चार दोडकी द्यायला, परतलो सात घेऊन. दुसऱ्या खेपेला त्यांनी दार उघडायलाच वेळ लावला. आत टीव्हीचा आवाज मात्र बारीक झालेला मी ऐकला.

या पुरात काकडीवर मात्र माझा राग नाही. कोवळी असताना ती कोशिंबिरीची, पण नजर चुकवून पिवळी झाली, तिचं तवसं झालं, की रात्रीच्या जेवणाची चिंता मिटते. तवशाच्या जाड बिया काढायच्या, गर किसायचा. किसाला मीठ लावून पाच मिनिटं ठेवलं की ताटात पाणीच पाणी होतं. ते ओतायचं नाही. त्यातच तांदळाचं पीठ, हिरवी मिरची, जिरं, लागलंच तर आणखी थोडं पाणी. बिडाचा तवा चांगला तापू द्यायचा, नारळाच्या शेंडीनं तेल फिरवायचं आणि पीठ सोडायचं. पहिलं घावन तव्याला चिकटतं. ते तव्याचंच, असं समजून पुढे जायचं. दुसऱ्यापासून कड सुटायला लागते, जाळी पडते, आणि काकडीचा तो थंड, हिरवा वास गरम वाफेतून येतो, त्यातला विरोधाभास मला दरवर्षी नव्यानं आवडतो. बरोबर लोणी असेल तर उत्तम, नसेल तर लसणीची चटणी. त्या रात्री भात लावायचा नाही.

माकडांबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण त्यांच्याशिवाय कोकणातल्या परसबागेवरचं लिखाण खोटं. ती भूक लागली म्हणून खात नाहीत. एका तवशाचा एक घास घेतात, टाकतात, दुसरं तोडतात. फटाके लावले, जाळी बांधली, कुत्रा पाळला. कुत्र्याची आणि त्यांची आता ओळख झाली आहे.

दसऱ्यानंतर वेल पिवळे पडतात. हिवाळ्याची भाजी वेगळी, तिच्यात गडबड नाही: भात कापल्यावर राहिलेल्या ओलीवर वाल, विहिरीच्या पाण्यावर माठ, मुळा, चार वांगी. पण त्याआधी मांडवावर आईचं एक दोडकं लोंबत राहिलेलं असतं. ते तिनं श्रावणातच देठाला लाल चिंधी बांधून बियाला ठेवलेलं. कितीही अडचण आली तरी त्याला हात लावायचा नाही. ते वाळतं, तपकिरी होतं, वाऱ्यानं खुळखुळायला लागतं, मग उतरवायचं.

गेल्या वर्षी ते उतरवायच्या आदल्या सकाळी माकडांनी फोडलं. अंगणात साल, आतली जाळी, चिखलात तुडवलेल्या बिया, आणि ती लाल चिंधी. मी 'विद्यापीठाचं आहे ना आपल्याकडे' असं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. आई दिवसभर काही बोलली नाही. संध्याकाळी मी पिठीसाठी कुळथाचं पीठ कालवत होतो, कारण मांडवावर काहीच नव्हतं, तर पायरीवरून म्हणाली, "पलीकडे विचार. तीन वर्षांमागे मी तिला बी दिलेलं."

काकींनी या वेळी दार लगेच उघडलं, माझ्या हातात पिशवी नव्हती म्हणून असेल. पडवीतल्या वाशाला तीन सुकी दोडकी टांगलेली होती. त्यातलं एक काढून देताना म्हणाल्या, "तुमचंच हो हे. पण भाद्रपदात घेऊन आलात ना, तर दार उघडायची नाही, सांगून ठेवते."

घरी येऊन मी ते आईच्या हातात दिलं. तिनं कानाशी धरून हलवलं, पुन्हा एकदा हलवलं.

"भरलंय," म्हणाली. आणि मग, माझ्या खांद्यावरून आत बघत, "अरे, पिठी उतू चालली, बघ आधी!"