तुम्ही विचारलंत म्हणून: “नुसतं खेळवताच ना?”

“ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे मुलांना नुसतं खेळवणंच ना?” रोजची कामे स्वतःची स्वतःला जमावीत म्हणून मी मुलांना जो उपचार देते, त्याबद्दल हा प्रश्न मला पालक विचारतात, शिक्षक विचारतात, आणि आजवर मी त्यावर चिडूनच उत्तर देत आले आहे. कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात या विषयाचे देशातले पहिले विद्यालय सुरू केले. इतक्या वर्षांनंतरही आमच्या उपचारांच्या खोलीतला झोपाळा पाहून लोकांना बागच आठवते. शरीराचा तोल आणि स्नायू-सांध्यांतून येणारी जाणीव मेंदूत नीट जुळली, तर हालचालींची आखणी सुधारते, ही अमेरिकी ऑक्युपेशनल थेरपिस्ट जीन एअर्स यांची मांडणी मी शिकले होते आणि तिच्यावर माझा पूर्ण विश्वास होता.

आठ वर्षांचा एक मुलगा सहा महिने माझ्याकडे येत होता. बुद्धी उत्तम, पण हालचालींचा समन्वय नाही. शंभरातल्या पाच-सहा मुलांना ही अडचण असते आणि वर्गात त्यांना धांदरट म्हणून मोकळे होतात. झोपाळ्यावर त्याचा तोल सुधारत असल्याची नोंद मी दर आठवड्याला करत होते. एका संध्याकाळी त्याच्या आईने दप्तरातून स्टीलचा डबा काढून माझ्या टेबलावर ठेवला. डबा भरलेला होता. “मॅडम, झाकण निघत नाही म्हणून हा उपाशी राहतो, आणि मुलं हसतील म्हणून कुणाला सांगतही नाही.” मी त्याला डबा उघडायला सांगितले. उजव्या हाताने तो झाकण ओढत होता, अंगठ्याचे नख पांढरे पडले होते; डावा हात मात्र मांडीवर तसाच पडून होता, आणि डबा टेबलावर गोल फिरत होता. तुला काय जमायला हवे आहे, हे सहा महिन्यांत मी त्याला एकदाही विचारले नव्हते.

पुढच्या खेपेपासून आम्ही डबाच घेतला. कसा धरायचा ते त्यालाच ठरवू दिले. “पोटाशी धरतो,” तो म्हणाला. तिसऱ्या आठवड्यात झाकण निघाले आणि भाजी शर्टावर सांडली. जे काम जमत नाही त्याच कामाचा सराव द्यावा, असे अशा मुलांसाठीच्या २०१९ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशीही सांगतात.

मग झोपाळा वाया गेला का? मन मानत नाही. ज्याला पटांगणावर कुणी खेळायला घेत नव्हते, तो माझ्याकडे धावत यायचा तो झोपाळ्यासाठीच. पण या युक्तिवादाआड मी माझे सहा महिने झाकते आहे, असेही वाटते. शर्टाचे वरचे बटण त्याला अजून लागत नाही. सध्या आम्ही त्यावर आहोत, आणि शेवटच्या दहा मिनिटांत तो झोपाळा मागतो, तेव्हा मी देते.