प्लायवूड एवढं, मग फर्निचर कुठंय?

करखात्याच्या सुनावणीत अधिकारीबाईंनी दोनच आकडे समोर ठेवले: वर्षभराची प्लायवूडखरेदी आणि वर्षभराची विक्री. "एवढ्या मालात एवढंच फर्निचर?" माझे अशील, लहानशा फर्निचर कारखान्याचे मालक, माझ्याकडे बघायला लागले. मी बिलबुक चाळलं. कंपन्यांना दिलेली बिलं सगळी जागच्या जागी होती. घरगुती गिऱ्हाइकाचं एकही नव्हतं.

करसल्लागाराला यात नवल नाही. कंपनीला खरेदीवरचा कर वजा करून घ्यायचा असतो, म्हणून ती बिल मागूनच घेते. घरासाठी कपाट करून घेणाऱ्याला त्याचा काय उपयोग? तो उलट विचारतो, "बिलाशिवाय कितीला पडेल?" बिलांची साखळी तुटते ती इथे. डेन्मार्कमधल्या करतपासण्यांवरचा २०११चा अभ्यास याच वळणाचा आहे: ज्या उत्पन्नाची माहिती नोकरी देणारा किंवा बँक परस्पर कळवते, तिथे लपवाछपवी जवळजवळ नाही, जे ज्याचं त्यानेच सांगायचं, तिथे ती भरपूर.

१९७२ साली ॲलिंगहॅम आणि सँडमो या अर्थतज्ज्ञांनी मांडणी केली, की सापडण्याची शक्यता आणि दंड तोलून माणूस किती उत्पन्न दाखवायचं ते ठरवतो. आमच्या मालकांना दंडाचा दरही ठाऊक नव्हता! व्हरांड्यात ते वेगळंच सांगत होते. "साहेब, शेजारचा कर न लावता भाव देतो. मी लावला की गिऱ्हाईक त्याच्या दारात."

ही एक बाजू. दुसरी मला बँकेच्या उताऱ्यात दिसली. कंपन्यांकडून बिलासोबत आलेला कर चालू खात्यात जमा, आणि त्याच आठवड्यात लाकूडवाल्याला आणि पगाराला खर्च. मुदत आली तेव्हा खात्यात काही उरलं नव्हतं. पैसे नाहीत म्हणून विवरणपत्र नाही, विवरणपत्र नाही म्हणून नोटीस, आणि नोटिशीच्या धाकाने पुढचं विवरणपत्रही नाही. माझ्या मते निम्मी थकबाकी अशीच साचते. पण आम्ही सल्लागार मुदतीच्या आदल्या दिवशी फोन करणार, तोवर पैसा गेलेला असतो.

बाईंनी आवाज चढवला नाही. न दाखवलेली विक्री कबूल करून घेतली, कर आणि व्याजाचा हिशेब समजावला, हप्ते बांधून दिले. मालकांनी त्याच आठवड्यात कराचं वेगळं खातं उघडलं. बिलाचे पैसे आले की त्यातला कर त्याच दिवशी तिकडे. हप्ते वेळेवर चालू आहेत. मात्र प्रत्येक हप्ता भरला की ते मला फोन करून विचारतात, "शेजाऱ्याला बोलावलं का हो?"