जांभळ्या टोपीच्या नळीत न दिसलेले ठिपके

बापाच्या रक्ताची स्लाइड पाहिली, तिच्यावर शिशाच्या विषबाधेत दिसणारे निळे ठिपके होते, आणि त्याच संध्याकाळी लेकीची पाच आठवड्यांपूर्वीची स्लाइड पेटीतून परत काढली. लेकीच्या स्लाइडवर ठिपके नव्हते. ते मुळातच नव्हते की आमच्या लॅबच्या नळीत नाहीसे झाले, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

बाप गोव्याच्या पेडणे तालुक्यातला, किनाऱ्यावरचा, वय ३६. ऑगस्टचा दुसरा आठवडा. पोटात पीळ पडल्यासारख्या कळा, चार दिवस शौचाला नाही. एका रुग्णालयात आधी अपेंडिक्स, मग मुतखडा म्हणून दोनदा सोनोग्राफी झाली, दोन्ही वेळा काही सापडले नाही. हिमोग्लोबिन ८.६, एमसीव्ही, म्हणजे लाल पेशीचे सरासरी आकारमान, ७४. पेशी मोजणाऱ्या यंत्राने नेहमीची ओळ छापली : लहान, फिकट पेशी. अशा रिपोर्टवर लोहाच्या गोळ्या लिहून मोकळे होण्याची सवय सगळीकडे पडली आहे. स्लाइड बघा म्हणून सांगणारा डॉक्टर महिन्यात एखादा भेटतो.

तो स्वतः लॅबमध्ये आला होता म्हणून तंत्रज्ञाने सुईच्या टोकावरच्या ताज्या थेंबाचीच फिल्म, म्हणजे काचेवरचा पातळ थर, ओढली. लेशमन हा रंग दोन मिनिटे, वर दुप्पट बफर, सामू ६.८, आणखी दहा मिनिटे. बफर आम्लाकडे झुकला की निळा रंग मरतो, म्हणून तो मी रोज सकाळी तपासून घेते. शंभरच्या लेन्सखाली एकेका लाल पेशीत जाडसर निळे ठिपके, रवा सांडावा तसे पसरलेले.

हे ठिपके म्हणजे न मोडलेले आरएनए. कोवळी लाल पेशी पक्व होताना आपले रायबोसोम मोडून टाकते आणि त्यातले तुकडे पायरिमिडीन न्यूक्लिओटायडेज हे विकर साफ करते. शिसे त्या विकराला बंद पाडते. कचरा आतच साचतो आणि रंग धरतो. थॅलसेमियाच्या वाहकातही असे ठिपके दिसतात, म्हणून आधी तो रस्ता बंद केला : वाहकात वाढणारे हिमोग्लोबिन, एचबीए२, २.६ टक्के, म्हणजे ठीक. फेरिटिन १४०. लोहाचा साठा भरलेला, तरी पेशी फिकट.

लोह असून वापरता येत नाही, हीच शिशाची रीत. हीम, म्हणजे हिमोग्लोबिनमधला लोह धरणारा भाग, तयार होताना सुरुवातीला एक विकर लागते, त्याच्या खाचेत जस्ताचा अणू गंधकाच्या हातांनी धरलेला असतो. शिसे त्याला हुसकून तिथे बसते. शेवटच्या पायरीला लोह जागेवर बसवणारे विकरही ते अडवते. मग लोहाच्या जागी जस्त बसते आणि पेशीत झिंक प्रोटोपॉर्फिरिन वाढत जाते.

रक्तातले शिसे आमच्याकडे मोजत नाहीत. निळ्या टोपीची, धातूंपासून मुक्त नळी भरून मुंबईला पाठवली. आकडा आला ७८ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर. जागतिक आरोग्य संघटना ५ किंवा त्याहून जास्त आले की शिसे कुठून येते ते शोधा म्हणते.

केस पेपरवर धंदा लिहिला होता ‘मासेमारी’. त्यातून काहीच कळत नाही. मी विचारले, “दादा, बंदीच्या दोन महिन्यांत काय करता?”

“काय करणार बाई, जाळी दुरुस्त करतो. शिसे ओततो.”

१ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद. याच दिवसांत फेकजाळ्यांची वजने नव्याने घालून घ्यायला वाड्यावरची माणसे त्याच्याकडे येतात. बाजारातला शिशाचा पत्रा महाग, म्हणून भंगारातून गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या आणायच्या. त्या फोडून आतल्या प्लेटी लोखंडी कढईत वितळवायच्या, वरची राखाडी मळी पळीने काढायची, साच्यात ओतायचे, गार झाल्यावर सुरीने तासायचे. दोरीवर वजन बसवताना फट दातांनी दाबायची.

शिसे ३२७ अंशांना वितळते आणि तेवढ्या उष्णतेत त्याची वाफ फारशी होत नाही. पण लाकडाच्या जाळावर ताबा राहत नाही, कढई तापतच जाते. त्यातही खरे विष प्लेटींवरच्या लगद्यात असते : शिशाचे ऑक्साइड आणि सल्फेट, पिठासारखे बारीक. प्लेटी ठोकताना आणि मळी काढताना ते उडते आणि बसते. एरवी हे अंगणात चालले असते. जून-जुलैचा गोव्यातला पाऊस, म्हणून चूल मागच्या पडवीत. चार वर्षांची लेक तिथेच खेळायची, तिथेच जेवायची.

तिचे शिसे निघाले ४१.

जुलैत तिचे रक्त आमच्याकडे आले होते ते पेडण्याच्या कलेक्शन सेंटरवरून, जांभळ्या टोपीच्या नळीत; तिच्यात रक्त गोठू न देणारे ईडीटीए असते. सकाळी काढलेले, रात्री म्हापशात पोहोचलेले, फिल्म दुसऱ्या दिवशी ओढलेली. ईडीटीएमध्ये इतके तास राहिले की ठिपके विरू शकतात. फेरिटिन ९ होते. मी ‘लोहाची कमतरता’ असे लिहिले, आणि ते खोटे नव्हते. आतड्यात लोह ज्या दाराने आत येते त्याच दाराने शिसेही येते, आणि लोह कमी पडले की शरीर ते दार आणखी उघडते. लहान मूल तर गिळलेल्या शिशाचा जवळजवळ निम्मा भाग शोषते. एक निदान बरोबर निघाले म्हणून मी दुसरे शोधले नाही. ४१ ला ठिपके दिसलेच पाहिजेत असेही नाही. हे सगळे मला ठाऊक आहे, तरी ती स्लाइड मी तीनदा पाहिली.

त्याच ईडीटीएचे कॅल्शियम घातलेले रूप शिशावरचे औषध आहे. कॅल्शियमविना नुसते सोडियमचे शिरेत गेले तर रक्तातले कॅल्शियम ओढून हृदय बंद पाडू शकते. कुपीवरचे पूर्ण नाव वाचल्याशिवाय कोणी ते भरू नये.

बापाला डीएमएसए हे शिसे शरीराबाहेर काढणारे औषध दिले : किलोमागे १० मिलिग्रॅम, पाच दिवस तीन वेळा, पुढचे चौदा दिवस दोन वेळा. मुलांना हे औषध ४५ पासून देतात. आईने विचारले, “मोठ्याला औषध आणि पोरीला नाही?” तिला समजावणे फार जड गेले. अमेरिकेत २० ते ४४ पातळीच्या ७८० मुलांवर चाचणी झाली होती. औषधाने रक्तातला आकडा उतरला, बुद्धीच्या मोजणीत फरक पडला नाही. शिसे कॅल्शियमचे सोंग घेऊन मेंदूत शिरते, आणि तिथे झालेले नुकसान भरून काढणारे औषध नाही. लेकीला लोह, कॅल्शियम, आणि त्या पडवीपासून दूर ठेवणे. पडवी झाडूने झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. बापाने अंघोळ करून, कपडे बदलूनच तिला उचलायचे.

दहा आठवड्यांनी तिचे २९ आले. हाडांत साठलेले शिसे वर्षानुवर्षे रक्तात झिरपत राहते, म्हणून आकडा असा हळूच उतरतो. बापाने ओतणे सोडले आहे. लोखंडी कड्या लावून पाहिल्या, पण लोखंडाची घनता ७.९, शिशाची ११.३. जाळे सावकाश बुडते आणि मासा निसटतो. त्याची ही अडचण खरी आहे आणि माझ्याकडे तिला उत्तर नाही. आता तो तयार वजने विकत आणतो.

कढईचे काय केले, विचारले. शेजाऱ्याने नेली म्हणाला, साच्यासकट.

त्या घरातली दोन मुले उद्या सकाळी येणार आहेत. आधी साबणाने मुलांचे हात धुवून घ्यायचे, आणि फिल्म सुईच्या टोकावरून तिथल्या तिथे ओढायची, असे तंत्रज्ञाला लिहून ठेवले आहे.