दूध संकलन केंद्रावर गरजा समजून घेताना

सॉफ्टवेअर तयार करण्यापूर्वी वापरकर्त्यांच्या गरजा जाणून घेण्यासाठी मुलाखत, प्रश्नावली, गटचर्चा, कागदपत्रांचा अभ्यास, निरीक्षण अशा अनेक पद्धती वापरल्या जातात. त्यांपैकी प्रत्यक्ष निरीक्षणाला सर्वाधिक वेळ द्यावा, असे माझे ठाम मत आहे, कारण अंगवळणी पडलेले काम सांगताना माणसाकडून नकळत बरेच काही गाळले जाते.

गावातल्या दूध संस्थेचेच पाहा. सचिव कामाचा क्रम नेमका सांगतात: उत्पादकाचा कोड, दुधाचे माप, फॅट (स्निग्धांश) आणि एसएनएफ (स्निग्धांश सोडून दुधातले इतर घन घटक), दरपत्रकावरून दर, पावती आणि दर दहा दिवसांनी बिल. गायीच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा आधार धरून दर कमी-जास्त होतो, हेही ते सांगतात. मात्र सकाळच्या संकलनाला केंद्रावर उभे राहिले की या क्रमात न बसणाऱ्या गोष्टी दिसू लागतात. एकाच घरून गायीच्या आणि म्हशीच्या दुधाच्या दोन किटल्या येतात. मध्येच वीज जाते आणि रांग खोळंबू नये म्हणून मापे वहीत उतरवली जातात, म्हणजे मागाहून नोंद भरण्याची सोय हवी. हात ओले असल्याने माऊस चालत नाही. सगळे काम अंकांच्या कळांवर व्हावे लागते.

कागदपत्रे मागताना कोरा नमुना न मागता वापरलेली वही मागावी. तिच्या समासात ‘पेंड’, ‘उचल’, ‘पुढच्या बिलात’ अशा नोंदी असतात आणि कपातीचे खरे नियम तिथेच सापडतात. मुलाखतीतही ‘सहसा काय करता?’ असे विचारण्यापेक्षा ‘काल संध्याकाळी मशीन बंद पडले तेव्हा काय केलेत?’ असे विचारल्यास उत्तर कितीतरी नेमके मिळते.

केवळ वरिष्ठांशी बोलून थांबणे धोक्याचे असते. लंडनच्या रुग्णवाहिका सेवेची नवी संगणकीय यंत्रणा २६ ऑक्टोबर १९९२ रोजी सुरू होताच कोलमडली. रुग्णवाहिकांवरील कर्मचाऱ्यांना ती आपली न वाटणे, हेही चौकशीत पुढे आलेल्या अनेक कारणांपैकी एक होते.

सॉफ्टवेअरच्या पडद्यांचे (स्क्रीनचे) कच्चे नमुने तयार झाले की ते समितीच्या बैठकीत दाखवण्याआधी नोंद करणाऱ्या माणसापुढे ठेवावेत आणि कालच्याच वहीतल्या नोंदी त्याला त्यात भरायला सांगाव्यात. तो जिथे अडतो, तिथे एखादी गरज नोंदवायची राहिलेली असते. पावतीचा नमुना मात्र उत्पादकाच्याच हाती द्यावा: कपात कशापोटी झाली, हे त्याला कुणाला न विचारता वाचता आले पाहिजे.